गाणं ऐकणारा आणि त्याला ऐकणारा : मानसोपचारातल्या संगीताची दोनशे वर्षं



"डॉक्टर, बीपीसाठी कुठला राग ऐकू?" हा प्रश्न मला महिन्यातून चार-पाच वेळा तरी विचारला जातो. व्हॉट्सअॅपवर एक यादी फिरत असते. अमुक राग मधुमेहाला, तमुक निद्रानाशाला, आणखी कुठला तरी डिप्रेशनला. पेशंट ती यादी मोबाइलवर उघडून माझ्यासमोर धरतात आणि मी "बघू" म्हणून पुढच्या गोष्टीकडे वळतो.

आज मात्र नीट उत्तर द्यायचं ठरवलं आहे. संगीताने मनाच्या आजारात मदत होते का? होत असेल तर कशी? हे समजून घ्यायला थोडा इतिहास पाहावा लागेल. पण त्याआधी माझी स्वतःची एक चूक सांगतो, कारण या विषयाच्या मागे मी लागलो तो तिच्यामुळे.

माझी चूक

काही वर्षांपूर्वी पन्नाशीतल्या एक बाई माझ्याकडे आल्या. आठ महिन्यांपूर्वी पती गेले होते. झोप येत नाही, भूक नाही, डोकं जड, अंगात त्राण नाही. बीपी ठीक, शुगर ठीक, थायरॉइड ठीक, हिमोग्लोबिन उत्तम. बाहेर वीसेक पेशंट बसले होते. मी रिपोर्ट परत देत म्हणालो, "ताई, सगळं नॉर्मल आहे. मन रमवा जरा. गाण्यांची आवड आहे ना? मग जुनी गाणी ऐका, बरं वाटेल." सोबत एक व्हिटॅमिनची गोळी लिहून दिली.

तीन आठवड्यांनी त्यांना त्यांची बहीण घेऊन आली. बाईंनी माझा सल्ला अगदी तंतोतंत पाळला होता. घरचे झोपले की त्या रोज रात्री कानाला हेडफोन लावून गाणी ऐकत होत्या. नवऱ्याबरोबर रेडिओवर ऐकलेली तीच गाणी. दोन-तीन वाजेपर्यंत ऐकायचं आणि रडायचं. वजन चार किलोने उतरलं होतं. "जगून तरी काय करायचं, असं म्हणायला लागली आहे," बहिणीने हळूच सांगितलं.

त्या दिवशी मी पेन खाली ठेवलं आणि वीस-पंचवीस मिनिटं फक्त ऐकलं. मग ओळखीच्या मानसोपचारतज्ज्ञांना फोन करून त्याच दिवशी त्यांच्याकडे पाठवलं. पुढे काय झालं ते शेवटी सांगतो.

माझ्या मनात तेव्हापासून एक प्रश्न राहिला. गाणं तर चांगली गोष्ट, मग ते या बाईंना इतकं महागात का पडलं? याचं उत्तर शोधताना कळलं की हा प्रश्न डॉक्टरांना दोनशे वर्षांपूर्वीही पडला होता.

पॅरिस, १८२४ : ऐंशी स्त्रिया आणि एक वाद्यवृंद

पॅरिसमधलं साल्पेत्रिएर हे स्त्रियांचं प्रचंड मोठं रुग्णालय. मनोरुग्णांना साखळ्यांतून सोडवून माणुसकीने वागवावं हा विचार फिलिप पिनेल यांनी तिथे रुजवला होता. त्यांचे शिष्य एस्किरोल हे त्या काळातले फार मोठे मनोविकारतज्ज्ञ. संगीताने वेड बरं होतं असं ग्रीक काळापासून सगळे सांगत आले होते. एस्किरोल यांनी ठरवलं, करूनच बघू.

१८२४ आणि १८२५ च्या सुमाराला त्यांनी साधारण ऐंशी रुग्ण स्त्रियांना एकत्र बसवलं. त्यांत काही बऱ्या होत चाललेल्या, काही शांत असलेल्या, काही उदास राहणाऱ्या होत्या. शेजारच्या खोलीत पॅरिसच्या संगीत विद्यालयातले विद्यार्थी वाजवायला बसले. वेगवेगळी वाद्यं, वेगवेगळ्या लयी, कधी संथ तर कधी जलद. असे कार्यक्रम पुन्हा पुन्हा झाले.

एस्किरोल यांनी जे पाहिलं ते प्रामाणिकपणे लिहून ठेवलं. स्त्रिया लक्ष देऊन ऐकत. चेहऱ्यांवर चैतन्य येई, डोळे चमकत, काहींच्या डोळ्यांत पाणी येई. दोघींनी तर आम्हालाही गायचं आहे, साथ करा, अशी मागणी केली. पण बरं कोणीही झालं नाही. आजारात म्हणावा असा फरकसुद्धा पडला नाही.

तरी त्यांनी संगीत निकालात काढलं नाही. आजारातून सावरत असलेल्या माणसाला त्याचा उपयोग आहे, ते सोडू नये, असंच त्यांचं मत राहिलं.

मला या प्रयोगात एक गोष्ट खटकते. ज्यांच्या डोळ्यांत पाणी आलं त्यांना "काय आठवलं?" असं शेजारी बसून विचारायची सोय त्या मांडणीत नव्हती. ऐंशी जणींना एकच संगीत, एकाच वेळी. औषध द्यायचं आणि परिणाम मोजायचा, अशी ती पद्धत. माझ्या व्हिटॅमिनच्या गोळीसारखीच.

इस्पितळातला बँड

पुढची शंभर वर्षं संगीत मनोरुग्णालयांत राहिलं ते मुख्यतः करमणूक म्हणून. इंग्लंडमध्ये वूस्टरजवळच्या पॉविक इथल्या मनोरुग्णालयात कर्मचाऱ्यांचा एक बँड होता. १८७९ ते १८८४ या काळात त्या बँडचा प्रमुख होता नुकतीच विशी ओलांडलेला एक होतकरू संगीतकार. रुग्णांच्या नाचाच्या कार्यक्रमांसाठी तो पोल्का आणि क्वाड्रिल अशा नृत्यांच्या चाली लिहून देई. त्याचं नाव एडवर्ड एल्गार. पुढे तो इंग्लंडचा सर्वांत नावाजलेला संगीतकार झाला. हे नाव लक्षात ठेवा, ते पुन्हा येणार आहे.

ही करमणूक वाया गेली असं मी म्हणणार नाही. वर्षानुवर्षं भिंतींच्या आत राहणाऱ्या माणसाला आठवड्यात एक संध्याकाळ नाचायला मिळणं ही काही लहान गोष्ट नाही. पण तो उपचार नव्हता.

दुसरा धागा : ऐकायला शिकणारे डॉक्टर

इथे जरा संगीत बाजूला ठेवू. कारण याच काळात एक वेगळीच गोष्ट घडत होती. डॉक्टर ऐकायला शिकत होते.

सायकोथेरपी म्हणजे बोलण्यातून होणारा उपचार. पण त्यात थेरपिस्टचं मुख्य काम बोलणं नसतं, ऐकणं असतं. सिग्मंड फ्रॉइड यांनी १९१२ मध्ये डॉक्टरांसाठी लिहिलेल्या एका लेखात सांगितलं की पेशंटच्या बोलण्यातलं महत्त्वाचं काय ते आधीच ठरवून ऐकू नका, सगळ्याकडे सारखंच, सैलसर लक्ष असू द्या. गंमत म्हणजे, आपल्याला संगीतातून फारसा आनंद मिळत नाही, असं याच फ्रॉइड यांनी दोन वर्षांनी एका लेखात कबूल केलं आहे. ऐकण्याचं शास्त्र सांगणारा माणूस गाण्यापासून मात्र लांब.

दुसरं नाव अमेरिकन मानसशास्त्रज्ञ कार्ल रॉजर्स यांचं. १९४० च्या आसपास ओहायो स्टेट विद्यापीठात त्यांनी समुपदेशनाच्या भेटी, अर्थात परवानगी घेऊन, ग्रामोफोनच्या तबकड्यांवर ध्वनिमुद्रित करायला सुरुवात केली. तबकडीची एक बाजू जेमतेम तीन मिनिटं चालायची. तासाभराच्या भेटीसाठी किती तबकड्या लागत असतील, कल्पना करा! १९४२ च्या पुस्तकात त्यांनी एका माणसाबरोबरच्या आठही भेटी शब्दशः छापल्या.

या तबकड्या ऐकल्यावर समुपदेशकांना धक्का बसला. आपण शांतपणे ऐकतो असं त्यांना वाटत होतं. प्रत्यक्षात ते मध्येच तोडत होते, सल्ले देत होते, बोलणं स्वतःला हव्या त्या दिशेला वळवत होते. माझ्या दवाखान्यात असं रेकॉर्डिंग लावलं तर काय ऐकू येईल, या विचारानेच मला घाम फुटतो.

रॉजर्स यांचं म्हणणं असं की माणसाला कोणी न तोडता, न तोलता, मनापासून ऐकलं तर तो स्वतःलाही ऐकू लागतो, आणि बदल तिथून सुरू होतो. आज कुठल्याही पद्धतीची सायकोथेरपी घ्या, हा पाया बहुतेक सगळीकडे मान्य आहे.

म्हणजे दोन धागे झाले. एक संगीत ऐकवण्याचा, दुसरा माणसाला ऐकण्याचा.

महायुद्धानंतर : आधी जुळवा, मग वळवा

दुसऱ्या महायुद्धात अमेरिकेची रुग्णालयं जखमी आणि मनाने खचलेल्या सैनिकांनी भरली. तिथे वाजवायला, गायला संगीतकार येत. त्यांचा उपयोग होतो हे डॉक्टरांना दिसत होतं, पण नुसतं चांगलं वाजवता येणं पुरेसं नाही, आजारही कळायला हवा, हेही लक्षात आलं. म्हणून १९४४ मध्ये मिशिगनमध्ये आणि त्यानंतर कॅन्सस विद्यापीठात म्युझिक थेरपीचं रीतसर शिक्षण सुरू झालं. १९५० मध्ये अमेरिकेत या व्यवसायाची राष्ट्रीय संघटना झाली.

त्या वर्षांतला एक विचार तुमच्या-माझ्या रोजच्या उपयोगाचा आहे. मिशिगनमधल्या एलॉइज रुग्णालयातले मनोविकारतज्ज्ञ आयरा ऑल्टशुलर यांनी त्याला 'आयसो प्रिन्सिपल' म्हटलं. उदास माणसाला एकदम उडत्या चालीचं गाणं लावून देऊ नका. आधी त्याच्या मनःस्थितीशी जुळणारं संगीत द्या, मग हळूहळू पुढचं थोडं वेगळं, त्यापुढचं आणखी वेगळं. मन ज्या पायरीवर आहे तिथे आधी भेटायचं, मग हात धरून पुढची पायरी.

विचार करा, आपण घरात नेमकं उलट करतो. कोणी सुतकी चेहऱ्याने बसलं की "अरे, काहीतरी झकास गाणं लाव!" म्हणतो. आपलं दुःख कोणालाच दिसत नाही, असं त्या माणसाला वाटतं ते यामुळेच.

हेलन बॉनी

आता या गोष्टीतल्या मुख्य व्यक्तीकडे येऊ. हेलन बॉनी (१९२१–२०१०) या मूळच्या व्हायोलिनवादक. १९४८ मध्ये एका कार्यक्रमात सेंट-सान्स यांची 'द स्वान' ही रचना वाजवताना त्यांना विलक्षण अनुभव आला. व्हायोलिनचा सूर आपल्या हातून निघतच नाही, कुठून तरी वेगळीकडून येतो आहे असं वाटलं, आणि नंतर अंग थरथरत राहिलं. त्या अनुभवाने त्या हेलावल्या. पुढे स्वतः मानसोपचार घेतले आणि मग वयाची चाळिशी जवळ आल्यावर कॅन्सस विद्यापीठात म्युझिक थेरपी शिकल्या.

१९६९ च्या सुमाराला त्या बाल्टिमोरजवळच्या मेरीलँड सायकिअॅट्रिक रिसर्च सेंटरमध्ये रुजू झाल्या. तिथे तेव्हा एलएसडी या द्रव्याचा मानसोपचारात उपयोग होतो का, यावर अधिकृत संशोधन चालू होतं. दारूचं व्यसन असलेले आणि कॅन्सरच्या शेवटच्या टप्प्यातले रुग्ण त्यात होते. (इथे थांबून स्पष्ट सांगतो. एलएसडी हे मनावर तीव्र परिणाम करणारं, आपल्या देशात कायद्याने बंदी असलेलं द्रव्य आहे. मी फक्त इतिहास सांगतो आहे.)

योगायोग पाहा. इंग्लंडमध्ये अशा एलएसडी उपचारांची सुरुवात १९५० च्या दशकात डॉ. रोनाल्ड सँडिसन यांनी केली ती त्याच पॉविकच्या रुग्णालयात, जिथे एकेकाळी एल्गारचा बँड वाजत होता.

मेरीलँडमध्ये रुग्ण दिवसभर डोळ्यांवर पट्टी आणि कानांवर हेडफोन लावून पडून असे. शेजारी थेरपिस्ट बसलेला. कुठल्या तासाला कुठलं संगीत लावायचं हे बॉनी यांचं काम. त्या बारकाईने पाहत गेल्या. डॉ. वॉल्टर पान्के यांच्याबरोबर लिहिलेला त्यांचा शोधनिबंध १९७२ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात संगीताची पाच कामं सांगितली आहेत. मनावरची नेहमीची पकड सैल करायला मदत करणं, दाबलेल्या तीव्र भावना मोकळ्या करणं, अत्युच्च अनुभवापर्यंत जायला साथ देणं, वेळेचं भान सुटलेलं असताना एक सलग धागा हाती देणं, आणि त्या सगळ्या प्रवासाला दिशा आणि आकार देणं.

तोपर्यंत वारं फिरलं होतं. एलएसडीचा बाहेर बेसुमार गैरवापर होऊ लागला, १९७० मध्ये अमेरिकेने कायदा कडक केला, आणि संशोधन आटत गेलं. केंद्रातलं काम संपण्याची वेळ आली. पण बॉनी यांच्या हाती एक गोष्ट लागली होती. शरीर नीट शिथिल केलं, लक्ष आत वळवलं, संगीत विचारपूर्वक निवडलं आणि शेजारी जाणकार माणूस बसला, तर द्रव्याची गरजच पडत नाही. मनात चित्रं उमटतात, जुनं काही वर येतं, रडू येतं, सुटकाही वाटते. यातून त्यांनी जी पद्धत घडवली तिला 'गाइडेड इमेजरी अँड म्युझिक' म्हणतात. १९७३ मध्ये त्यांनी तिच्या प्रशिक्षणासाठी संस्था काढली.

आता इथे ते दोन्ही धागे एकत्र आले. पेशंट संगीत ऐकतो आणि थेरपिस्ट पेशंटला ऐकतो.

एक सेशन कसं असतं?

साधारण दीड ते दोन तास. आधी गप्पा : सध्या काय चाललं आहे, आज मनात काय आहे. त्यावरून थेरपिस्ट संगीत निवडतो. मग पेशंट आडवा होतो, डोळे मिटतो, अंग सैल सोडायला त्याला मदत केली जाते. त्यानंतर अर्धा-पाऊण तास संगीत.

या वेळात पेशंट गप्प नसतो. जे दिसतं, जाणवतं ते तो बोलत राहतो. "एक बंद दार दिसतंय." थेरपिस्ट दार उघडायला सांगत नाही, अर्थही लावत नाही. एवढंच विचारतो, "दार कसं आहे? त्याच्यासमोर उभं राहून काय वाटतंय?" आणि सगळं लिहून घेतो. संगीत थांबलं की पेशंट हळूहळू भानावर येतो, पुष्कळदा कागदावर एका वर्तुळात रंगांनी काहीतरी काढतो, आणि मग दोघं त्यावर बोलतात. ते दार कशाचं होतं, हे शोधायचं पेशंटने.

बॉनी यांनी यासाठी पाश्चात्त्य शास्त्रीय संगीताचे ठराविक संच तयार केले. त्यातला एक सुरू होतो तो एल्गारच्या 'एनिग्मा व्हेरिएशन्स'मधल्या भागांनी. ज्याच्या चालींवर पॉविकचे रुग्ण नाचत होते, त्याचंच संगीत शंभरेक वर्षांनी उपचारात आलं. एल्गार तोच होता, पण आता ऐकणाऱ्याच्या शेजारी त्याला ऐकणारा कोणीतरी बसला होता.

ही पद्धत सगळ्यांसाठी नाही. ज्याला भास होतात, ज्याचं वास्तवाचं भान सुटलेलं आहे, जो मॅनियाच्या भरात आहे किंवा ज्याच्या मनात आत्महत्येचे विचार जोरात आहेत, त्याला आधी औषधोपचार आणि सुरक्षितता हवी. मन उघडणारी साधनं नंतर. आणि प्रशिक्षण नसलेल्या कोणीही हे करू नये.

पुरावा काय सांगतो?

तुमचा पुढचा प्रश्न असणार : याने खरंच फरक पडतो का?

फिनलंडमधल्या युवास्किला विद्यापीठातल्या संशोधकांनी २०११ मध्ये एक चांगला अभ्यास प्रसिद्ध केला. डिप्रेशन असलेले ७९ जण, वय १८ ते ५०. सगळ्यांना नेहमीचे उपचार मिळाले. त्यातल्या ३३ जणांना त्याच्या जोडीला प्रशिक्षित थेरपिस्टबरोबर म्युझिक थेरपीची २० सेशन्स मिळाली. यात ऐकण्यापेक्षा वाद्यांवर मनाला येईल ते वाजवणं आणि मग त्यावर बोलणं होतं. तीन महिन्यांनी म्युझिक थेरपी मिळालेल्यांपैकी ४५ टक्क्यांना चांगला फरक पडला होता, नुसते नेहमीचे उपचार घेणाऱ्यांपैकी २२ टक्क्यांना. पण सहा महिन्यांनी ही तफावत ठामपणे दाखवता येईल इतकी उरली नव्हती.

२०१७ मध्ये कॉक्रेन या नावाजलेल्या संस्थेने डिप्रेशनवरच्या अशा ९ अभ्यासांचा, मिळून ४२१ रुग्णांचा, एकत्रित आढावा घेतला. निष्कर्ष : नेहमीच्या उपचारांच्या जोडीला म्युझिक थेरपी दिली तर निदान सुरुवातीच्या काळात नुसत्या नेहमीच्या उपचारांपेक्षा जास्त फायदा दिसतो. पण ती सायकोथेरपीपेक्षा सरस आहे, असं म्हणायला पुरेसा आधार नाही.

वाक्यातला 'जोडीला' हा शब्द अधोरेखित करा. 'ऐवजी' नव्हे.

मेंदूत काय घडतं? मॉन्ट्रियलच्या मॅकगिल विद्यापीठातल्या २०११ च्या अभ्यासात दिसलं की आवडत्या संगीताने अंगावर शहारे येतात तेव्हा मेंदूच्या आनंदाशी निगडित भागात डोपामिन स्रवतं. शिवाय गाणं थेट आठवणींना हात घालतं, आणि श्वास, नाडी यांच्यावरही त्याचा परिणाम होतो. म्हणूनच ते प्रभावी आहे, आणि म्हणूनच जपून वापरायचं साधन आहे. मनाच्या जखमेवरचं झाकण ते क्षणात उघडतं. बंद करायचं काम मात्र त्याचं त्याला येत नाही. माझ्या त्या पेशंट बाईंचं हेच झालं होतं. रोज रात्री झाकण उघडत होतं आणि शेजारी कोणी नव्हतं.

मग रागांच्या यादीचं काय?

आपल्या मातीतही संगीत आणि शरीर यांचा विचार जुना आहे. तेराव्या शतकात देवगिरीच्या, म्हणजे आजच्या दौलताबादच्या, यादव राजांच्या दरबारी शार्ङ्गदेव होते. त्यांचं घराणं काश्मीरहून दख्खनेत आलेलं, वैद्यकी जाणणारं. त्यांनी लिहिलेला 'संगीतरत्नाकर' हा भारतीय संगीतातला पायाभूत ग्रंथ. त्याच्या पहिल्याच अध्यायात स्वरांच्या आधी मानवी शरीर कसं घडतं याचं वर्णन येतं. नाद शरीरातून उठतो, मग आधी शरीर समजून घेऊ, अशी ती मांडणी. एका डॉक्टरला हे वाचून अभिमान वाटणारच.

पण त्या अभिमानापोटी "अमुक राग, अमुक आजार" या फिरत्या यादीवर मी शिक्का मारू शकत नाही. एखाद्या रागाने एखादा रोग बरा होतो असा भक्कम पुरावा मी पाहिलेला नाही. राग ऐकून मन शांत झालं, बीपी तात्पुरता थोडा उतरला, हे शक्य आहे आणि स्वागतार्हही आहे. पण तेवढ्यावर बीपीची गोळी बंद करू नका. तोच राग एकाला शांत करतो आणि दुसऱ्याला वडिलांच्या शेवटच्या दिवसांत रेडिओवर लागलेला म्हणून अस्वस्थ करतो. गुण नुसत्या रागात नसतो, ऐकणाऱ्याच्या आयुष्यातही असतो. म्हणून यादीपेक्षा माणसाला विचारणं महत्त्वाचं.

तुम्ही काय करू शकता?

तुम्ही सायकोथेरपी किंवा समुपदेशन घेत असाल, आणि तुमच्या थेरपिस्टची हरकत नसेल, तर हे करून बघा.

१. दिवसातून दहा-पंधरा मिनिटं एकच रचना ऐका. फक्त ऐका. मोबाइल बाजूला, भाजी चिरणं नाही, गाडी चालवणं तर नाहीच. अभंग असो, बंदिश असो, बासरी असो, जे तुम्हाला जवळचं आहे ते.

२. ऐकताना अंगात काय होतं ते पाहा. श्वास, छाती, घसा, डोळे. काय आठवतं, कोणाचा चेहरा येतो. चांगलं-वाईट ठरवू नका.

३. संपल्यावर दोन ओळी लिहा. पुढच्या सेशनला ती वही घेऊन जा. "हे गाणं ऐकलं की मला असं होतं," एवढं वाक्यसुद्धा पुष्कळ आहे. जे तासभर बोलून सापडत नाही ते कधी कधी इथे सापडतं.

४. मन खूप खाली असेल तर एकदम आनंदी गाण्यावर उडी मारू नका. जुळणाऱ्यापासून सुरू करा, थोडं उजळ असेल त्यावर संपवा.

५. दुःखाची तीच ती गाणी रात्री एकट्याने तासन्‌तास ऐकत असाल आणि नंतर आणखी वाईट वाटत असेल, तर थांबा. तो आराम नाही, ते उगाळणं आहे. डॉक्टरांना हे सांगा, यात लाजण्यासारखं काही नाही.

६. गोळ्या स्वतःहून बंद करू नका.

आणि घरच्यांनो, तुमच्यासाठी एकच. "गाणी ऐक, बरं वाटेल" असं सांगून आपापल्या कामाला लागू नका. शेजारी बसा. एखादं गाणं दोघांनी मिळून ऐका. संपल्यावर विचारा, "काय आठवलं?" आणि मग उत्तर येईपर्यंत गप्प राहा. सल्ला देऊ नका. एवढं जमलं तरी खूप झालं.

दोन आठवड्यांपेक्षा जास्त काळ उदासी, झोप-भूक बिघडलेली, कशातच रस नाही, असं असेल तर डॉक्टरांना भेटा. जीव नकोसा वाटत असेल तर थांबू नका, त्याच दिवशी कोणाला तरी सांगा. टेलिमानस ही सरकारची मोफत हेल्पलाइन १४४१६ या नंबरवर चोवीस तास चालू असते आणि तिथे मराठीतही बोलता येतं.

त्या बाईंचं पुढे काय झालं?

औषधं सुरू झाली, जोडीला समुपदेशन. दोनेक महिन्यांत झोप लागायला लागली, वजन भरून आलं. वर्षभराने त्या सर्दी-खोकल्यासाठी माझ्याकडे आल्या तेव्हा मी जरा बिचकतच विचारलं, "गाणी ऐकता का हल्ली?"

त्या हसल्या. म्हणाल्या, "ऐकते की. मॅडमनी एकदा मला तेच गाणं मोबाइलवर लावायला सांगितलं होतं, त्यांच्यासमोर. मी रडले. त्या काही बोलल्या नाहीत, नुसत्या बसून राहिल्या. मग म्हणाल्या, सांगा त्यांच्याबद्दल. डॉक्टर, आठ महिन्यांत मला हे कोणी विचारलंच नव्हतं."

विचारणाऱ्यांच्या त्या यादीत माझं नाव नव्हतं, हे मला तेव्हा कळलं. आता कोणी विचारलं, "डॉक्टर, कुठला राग ऐकू?" तर मी खुर्ची थोडी पुढे ओढतो आणि आधी विचारतो, "काय होतंय, सांगा बरं."